वर्गातील चढाओढ आणि वर्गातील सहकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या सोहळ्यात गायन आहे, नाट्यप्रवेश आहेत, उद्या पुरणपोळीचे भोजन आहे. या सगळ्यांत एका निवृत्त शिक्षिकेचे व्याख्यान कोठे बसवावे, असा प्रश्न कार्यकारिणीला पडला असणार. तरीही त्यांनी मला बोलाविले आणि विषयाचे बंधन घातले नाही, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. ज्या विषयात माझी सारी नोकरी गेली तोच मी निवडला आहे. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र या तिघांना मिळून आपल्या कर्नाटकातील शाळांत 'समाजविज्ञान' म्हणतात. हे समाजविज्ञान मुलांना एकमेकांशी चढाओढीस लावून शिकवावे, की एकमेकांच्या मदतीने शिकवावे? प्रश्न मास्तरांचा वाटेल. पण आज सायंकाळी याच व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार व्हावयाचा आहे, आणि दरवर्षी शिवजयंतीला आपल्या मुलांची इतिहासाची प्रश्नमंजूषाही होते. म्हणून तो आपल्या घरचाही प्रश्न आहे.

मी ज्या शाळेत शिकविले ती बेळगोळच्या पंचक्रोशीतील. कृष्णराजसागर पाहावयास जाताना हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी मोटारीच्या खिडकीतून पाहिले असेल. सरकारी दप्तरात ते मंड्या जिल्ह्याच्या श्रीरंगपट्टण तालुक्यात मोडते. पण पोटापाण्याने आणि बाजारहाटाने ते म्हैसूरचेच. म्हैसूर-हासन लोहमार्गावर त्याच्या नावाचे स्थानक आहे. संस्थानी काळात येथे रासायनिक खतांचा कारखाना निघाला, पुढे कागदाची गिरणी आली. दोहोंचे दिवस सरले. कालव्याचे पाणी मात्र राहिले, आणि त्यावर भात व ऊस. माझ्या वर्गात पन्नासांवर मुले असत. बरीचशी आसपासच्या शेतकऱ्यांची, काही तमिळ कामगारांची, काही घरी दखनी बोलणारी, कधी एखादे कोडगूहून आलेले, आणि दोन-तीन आपली मराठी, ज्यांचे वडील बँकेत, रेल्वेत किंवा एखाद्या कारखान्यात बदलून आलेले. एका बाजूस कावेरी अडविणारे धरण, दुसऱ्या बाजूस टिपूची राजधानी, आणि मध्ये हा असा वर्ग. समाजविज्ञान शिकविण्यास याहून सोयीची जागा नाही, आणि याहून अवघडही नाही.

आता थोडे शास्त्र. १९४९ साली मॉर्टन डॉइच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकार आणि स्पर्धा यांविषयी एक उपपत्ती मांडली. तिचा गाभा सोपा आहे. स्पर्धेत माझे उद्दिष्ट साधावयाचे तर तुझे हुकले पाहिजे. पहिला क्रमांक एकच असतो. सहकारात तुझे साधल्यावाचून माझे साधत नाही. तिसराही प्रकार आहे, ज्यात तुझ्या यशापयशाशी मला कर्तव्यच नाही; आपल्या शाळांत पुष्कळ वेळ याच प्रकारात जातो, पण त्याविषयी आज बोलत नाही. पुढे मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रॉबर्ट स्लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उपपत्ती प्रत्यक्ष वर्गात कशी उतरवावी याचा कसून अभ्यास केला. आपल्या म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयात, जे १९६३ साली सुरू झाले, शिक्षकांच्या कित्येक पिढ्या घडल्या. तेथून येणाऱ्या तरुण शिक्षकांच्या तोंडी 'सहकारी अध्ययन' हा शब्द असे. मुख्याध्यापकांच्या खोलीत निकालाचा तक्ता टांगलेला दिसला की तो शब्द हळूहळू मावळत असे, हेही मी पाहिले आहे.

स्पर्धेला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षेने खेड्यापाड्यांतील किती गरिबाघरची मुले वर आली, हे येथे बसलेल्या अनेकांना स्वतःवरूनच ठाऊक असेल. कर्नाटकात 'प्रतिभा कारंजी' नावाच्या सरकारी स्पर्धा होतात. त्यांत गाणारी, बोलणारी, सोंग आणणारी मुले प्रथमच चारचौघांसमोर उभी राहतात. भिंतीवरच्या नकाशात तुंगभद्रा आधी कोण दाखवितो, हा खेळ लावला की झोपाळू वर्गही जागा होतो. ज्या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते लवकर आठवण्यात गंमत आहे, तेथे चढाओढ शोभते.

पण आपल्या शिक्षणपरंपरेत दुसरीही एक धारा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्यास भेट दिली आणि त्यांच्याच हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. भाकरी आपण सर्वांनी मिळून थापली नाही तर आज कोणीच जेवणार नाही, ही गोष्ट त्या मुलांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकावी लागली नाही. डॉइच यांची उपपत्ती अजून पंचवीस वर्षे दूर होती.

मग समाजविज्ञानाच्या तासाला चढाओढ का पुरत नाही? कारण या विषयातले महत्त्वाचे प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरे आपण कोठे उभे आहोत यावर पालटतात. गणितात सात गुणिले आठ हे बेळगोळातही छप्पन्न आणि मिरजेतही छप्पन्न. पण धरण ही गोष्ट धरणाच्या वरच्या गावाला एक असते आणि खालच्या गावाला दुसरी. ज्याने आधी बोट वर केले त्याचे उत्तर घेऊन पुढे जावयाचे म्हटले, तर वर्गाला एकाच जागेवरून दिसणारे दृश्य दिसते. आणि बोट आधी कोणाचे वर होते? ज्याची भाषा वर्गाची भाषा आहे त्याचे.

नेमक्या याच अनुभवातून एक प्रसिद्ध प्रयोग जन्मास आला. अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहरी १९७१ साली गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात बसू लागली आणि शाळांत मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलाविण्यात आले. त्याने वर्गात बसून पाहिले तेव्हा त्याला भांडणाचे मूळ मैदानात नव्हे तर अध्यापनाच्या रीतीत दिसले: शिक्षक प्रश्न विचारतो, सहा-सात हात वर होतात, एकाचे नाव घेतले की उरलेले हिरमुसतात, आणि तो चुकावा अशी मनोमन इच्छा करतात. ज्यांना इंग्रजी नीट येत नाही ती मुले तर हातच वर करीत नाहीत. अ‍ॅरन्सनने पाठाचे तुकडे केले. पाच-सहा मुलांच्या गटात प्रत्येकाला एकच तुकडा. बाकीचा पाठ त्याला इतरांकडूनच ऐकावयाचा. लाकडी तुकडे जुळवून चित्र करण्याच्या खेळावरून या रीतीला 'जिगसॉ' हे नाव पडले. एका गटात जोसेफ पुलित्झर या वृत्तपत्रकाराचे चरित्र होते आणि त्याचा एक परिच्छेद अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या मेक्सिकन मुलाकडे होता. तो अडला तसे इतरांनी त्याला हसावयास सुरुवात केली. देखरेख करणाऱ्या व्यक्तीने रागे न भरता एवढेच सांगितले की, थोड्या वेळाने परीक्षा आहे आणि हा भाग तुम्हांला याच्याखेरीज कोणी सांगणार नाही. त्यानंतर मुले त्याला नीट प्रश्न विचारू लागली, आणि तो नीट सांगू लागला. दुसऱ्याचे बोलणे बाहेर कसे काढावे ही कला त्या मुलांना आली, आणि मला वाटते समाजविज्ञानाचा निम्मा अभ्यासक्रम तेथेच पुरा झाला.

याहून जुना एक प्रयोग सांगतो तो मुद्दाम, कारण आपल्या मंडळात 'सर्व भाषिकांचे स्नेहभोजन' असा कार्यक्रम अधूनमधून होतो. १९५४ साली ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ यांनी अकरा वर्षांच्या सुमाराची बावीस मुले एका शिबिरात नेली, त्यांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. काही दिवसांतच एकमेकांची निशाणे जाळण्यापर्यंत आणि निवासांवर छापे घालण्यापर्यंत मजल गेली. मग दोन्ही गटांना एकत्र चित्रपट दाखविले, एकत्र जेवावयास बसविले. त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. वैर ओसरू लागले ते शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला तेव्हा. तो अर्थात मुद्दामच बंद पाडलेला होता. टाकी कोठे तुंबली हे शोधण्यास सगळ्यांना मिळून जावे लागले. नुसती एक पंगत पुरेशी नसते. दोघांनाही लागणारे आणि एकट्याला न जमणारे असे काही काम मध्ये असावे लागते. स्नेहभोजनाला माझा विरोध नाही, जेवावयास मी येतेच.

आता आपल्या श्रीरंगपट्टणाकडे वळू.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धाचा पाठ कोणत्याही क्रमिक पुस्तकात दीड पानांत संपतो. लॉर्ड कॉर्नवॉलिस, निजाम आणि पुण्याचे मराठे एक झाले. मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला. टिपूने अर्धे राज्य दिले, तीन कोटी तीस लाख रुपये देण्याचे कबूल केले आणि दोन मुलगे ओलीस ठेविले. प्रश्नमंजूषेसाठी यासारखा पाठ नाही. वर्ष किती? रक्कम किती? मुलगे किती? घंटा वाजते, गुण मिळतात. पण तो पाठ माझ्या वर्गात वाचला गेला की वाचून संपताच काही माना त्या दोन-तीन मराठी मुलांकडे वळत. 'तुम्ही इंग्रजांबरोबर आलात' हे वाक्य कधी उघड, कधी मधल्या सुट्टीत. मराठी मुलाजवळ उत्तर नसे. घरी त्याने शिवछत्रपतींच्या कथा ऐकलेल्या, परशुरामभाऊ पटवर्धनांचे नावही नाही. उलट दखनी बोलणाऱ्या मुलाला वेगळी भीती. टिपूविषयीच्या मजकुरावरून गेल्या काही वर्षांत कर्नाटकातील पाठ्यपुस्तकांत केवढे वाद झाले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहेत. त्या वादांचे पडसाद बाकांवर उमटतातच.

हा पाठ मी चार पाकिटांत घालून शिकवीत असे. पहिल्या पाकिटात पुणे दरबार. १७८५ ते १७८७ या काळात नरगुंदपासून पेटलेले टिपूशी युद्ध आणि १७८७ चा गजेंद्रगडचा तह. म्हणजे १७९० साली पुणेकर इंग्रजांच्या बाजूस गेले ते एकाएकी नव्हे. परशुरामभाऊंनी धारवाडच्या किल्ल्याला घातलेला आणि १७९१ च्या एप्रिलपर्यंत लांबलेला वेढा. हरिपंत फडके. दुसऱ्या पाकिटात श्रीरंगपट्टण. किल्ल्याची तटबंदी, टिपूचे दोन मुलगे अब्दुल खालिक व मुइजुद्दीन, आणि शृंगेरीची हकीकत: १७९१ मध्ये मराठी फौजेबरोबरच्या लुटारू टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, शारदेची मूर्ती हलविली, आणि स्वामींनी टिपूला लिहिल्यावर त्याने पुनःस्थापनेसाठी साहाय्य पाठविले. ही पत्रे म्हैसूर संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक आर. नरसिंहाचार यांना १९१६ साली मठात सापडली. तिसरे पाकीट कंपनीचे. त्यात मला सर्वांत आवडणारा प्रसंग आहे, कारण तो आमच्या शिवारात घडला. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या दाराशी आला, पण बैल मेले, धान्य संपले. कन्नंबाडी येथे त्याला आपल्या वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून माघारी फिरावे लागले. जेथे आज कृष्णराजसागर उभे आहे तेच हे कन्नंबाडी. त्याच माघारीत त्याला मराठी फौज भेटली, आणि तिच्या बाजारातील महागड्या धान्यावर त्याचे उपाशी सैन्य तगले.

चौथे पाकीट ज्यांच्याजवळ फौज नव्हती त्यांचे. उभी पिके वैरण म्हणून कापली गेलेली रयत, कोडगूहून कैद करून श्रीरंगपट्टणास आणलेली माणसे, आणि धान्याचे तांडे हाकणारे लमाण. या पाकिटात कागद सर्वांत थोडे असत. मुले विचारीत, यांनी पत्रे का लिहिली नाहीत? या प्रश्नावर एक सबंध तास जाऊ द्यावा, असे माझे मत आहे.

पाकिटे वाटताना एक नियम मी कटाक्षाने पाळीत असे. पुण्याचे पाकीट कधी मराठी मुलाला द्यावयाचे नाही. ते पालहळ्ळीच्या किंवा बेळगोळच्या कन्नड मुलाला. श्रीरंगपट्टणचे पाकीट मराठी मुलीला. कंपनीचे पाकीट दखनी बोलणाऱ्याला. मग एकेका पाकिटाची मुले आधी एकत्र बसून आपला भाग पक्का करीत, आणि नंतर चारही पाकिटांचा एकेक प्रतिनिधी असलेले गट होत. एके वर्षी मी पाहिले, एक शेतकऱ्याचा मुलगा आपल्या गटाला गजेंद्रगडचा तह समजावून सांगत होता आणि पुणेकरांची बाजू मांडताना त्याचा आवाज चढला होता; तर आपली एक मराठी मुलगी शृंगेरीचा भाग सांगताना क्षणभर थांबली, आणि मग तिने तो पुरा सांगितला. कोणी मान वळवून पाहिले नाही, कारण तिने सांगितल्याखेरीज त्यांचा पेपर पुरा होणार नव्हता. त्यानंतर त्याच गटातून प्रश्न आला: मराठी फौजेने धान्य विकले नसते तर? मी उत्तर दिले नाही. पुढचे पाकीट दिले: ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले तेव्हा त्या लढाईत पुण्याची फौज नव्हती; आणि १८०२ अखेरच्या वसईच्या तहानंतर कंपनी पुण्यातच येऊन बसली. टिपूचा प्रश्न आणि पेशव्यांचा प्रश्न वेगळे नव्हते, हे मुलांनी आपसांत काढले. फळ्यावर मी ते लिहिले असते तर त्यांनी वहीत उतरवून घेतले असते आणि परीक्षेनंतर विसरली असती.

जाता जाता एक गंमत सांगते. एकमेकांना शिकविण्याची रीत पाश्चात्त्यांनी आपल्याला दिली असे समजू नये. स्कॉटिश धर्मगुरू अँड्र्यू बेल मद्रासला सैनिकांच्या पोरक्या मुलांची शाळा चालवीत असता त्याने देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे गिरविताना पाहिले, आणि मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवावे अशी व्यवस्था बसविली. ती 'मद्रास पद्धती' म्हणून इंग्लंडात गाजली. १७९४ मध्ये टिपूचे ओलीस मुलगे परत करण्यास जे मंडळ गेले, त्याबरोबर बेलच्या शाळेतील एक सतरा वर्षांचा विद्यार्थी होता आणि त्याने टिपूसमोर विज्ञानाचे प्रयोग करून दाखविले. १७९२ च्या तहाच्या पाठात हे वाक्य कोणत्याही पुस्तकाने घालावयास हरकत नाही.

कावेरीचा पाठही असाच विभागता येतो. म्हैसूर आणि मद्रास यांच्यातील १८९२ व १९२४ चे करार, १९९० साली नेमलेला लवाद, १९९१ च्या दंगली, २००७ चा निवाडा, २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ज्यात कर्नाटकाच्या वाट्याला पावणेपंधरा टीएमसी पाणी वाढवून मिळाले. वर्गात मंड्याचा शेतकरी, तंजावरचा शेतकरी, बंगळुराची पाणीपुरवठा व्यवस्था आणि धरणाचा अभियंता अशी चार पाकिटे. तमिळ कामगाराच्या मुलाला मंड्याचे पाकीट, मंड्याच्या मुलाला तंजावरचे. आपल्या मराठी मुलांना येथे एक फायदा मिळतो. त्यांना कृष्णेविषयी सांगावे: कृष्णा महाराष्ट्रातून कर्नाटकात येते, म्हणजे तेथे आपण वरचे आणि कर्नाटक खालचे. बच्छावत लवादाने दोन हजार साठ टीएमसीची वाटणी केली तेव्हा महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० आले. आणि २००५ व २०१९ साली सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा अलमट्टीच्या फुगवट्यावरून महाराष्ट्रात ओरड झाली, म्हणजे खालचे धरण वरच्याला भोवू शकते की नाही, हाही वाद. कावेरीवर जो मुलगा 'पाणी आमचे' म्हणतो त्याला कृष्णेच्या काठी उभे केले की तो गप्प होतो आणि विचार करू लागतो. आपल्या बेळगावच्या दुखण्याविषयी येथे अधिक बोलत नाही; पण घरी त्याविषयी मुलांशी बोलावयाचे असेल तर याच रीतीने बोलावे, असे माझे मत आहे.

आणि धरणाविषयी आणखी एक. कृष्णराजसागर म्हटले की एकच नाव, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांची थोरवी निर्विवाद आहे. पण १९११ साली काम सुरू झाले तेव्हा म्हैसूरचे दिवाण होते टी. आनंदराव, सर टी. माधवराव यांचे चिरंजीव, म्हणजे आपल्या तंजावरी मराठी घराण्यातले. विश्वेश्वरय्या तेव्हा मुख्य अभियंता होते. दिवाण ते १९१२ साली झाले. आणि सिमेंट नव्हे तर सुरखीच्या चुन्यात हे धरण बांधणारे हजारो हात कोणाचे होते, ते तर कोठेच लिहिलेले नसते. 'धरण कोणी बांधले?' या प्रश्नमंजूषेतील प्रश्नाला एकच नाव लागते, हीच अडचण आहे.

या रीतीला अडचणी नाहीत असे कोणी समजू नये. पन्नास मुलांच्या वर्गात गट केले की गोंगाट होतो. शेजारच्या वर्गाचे शिक्षक दारात येऊन उभे राहतात. बाके जमिनीला ठोकलेली असतात. एक हुशार मुलगी सगळे लिहिते आणि चौघे पेन्सिली कुरतडतात. यालाच पुष्कळ शाळांत 'गटकार्य' म्हणतात. स्लेव्हिन यांनी यावर दोन अटी सांगितल्या: गटाला मिळून काही साधावयाचे असावे, आणि तरीही प्रत्येकाची परीक्षा वेगळी असावी. गटाचे गुण ठरविताना प्रत्येकाने स्वतःच्या मागील गुणांपेक्षा किती सुधारणा केली ते मोजावे. म्हणजे चाळिसांवरून पन्नासांवर आलेला मुलगा गटाला ओझे न वाटता आधार वाटतो. हे मोजण्यास शिक्षकाला वेळ लागतो, आणि वेळच नसतो. दहावीचे वर्ष आले की पालकच सांगावयास येतात की बाई, आता खेळ पुरे, प्रश्नोत्तरे द्या. त्यांचेही खोटे नाही. एसएसएलसीची उत्तरपत्रिका ज्याची त्यालाच लिहावयाची असते.

पण आपल्याच म्हैसूर जिल्ह्यात, हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, १९९५ साली सरकारी शाळांतील शिक्षकांनी ऋषी व्हॅलीच्या शाळा पाहून येऊन 'नलि-कलि' नावाची रीत सुरू केली. नलि म्हणजे आनंदाने राहा, कलि म्हणजे शीक. पहिली ते तिसरीची मुले जमिनीवर गोल करून बसतात, चित्रांची कार्डे घेतात, शिडीच्या पायऱ्या आपापल्या गतीने चढतात, काही पायऱ्यांवर शिक्षक मदत करतात आणि काहींवर दुसरे मूल. क्रमांक नाही. पुढे २००९-१० पासून ती राज्यभरच्या सरकारी कन्नड शाळांत आली, आणि राज्यभर आल्यावर तिच्यात नोंदवह्या वाढून जीव थोडा कमी झाला, असे शिक्षक म्हणतात. तरीही त्या रीतीने शिकलेले मूल शेजाऱ्याला न हिणवता सांगू शकते. मी आठवीत अशा मुलांना ओळखून काढीत असे. पाकिटे वाटल्यावर त्यांना काही समजावून सांगावे लागत नसे.

आता मंडळापुरते बोलते. सायंकाळचा सत्कार बंद करा असे मी म्हणणार नाही. मुलांनी कष्ट केले आहेत, त्यांना हार घातलाच पाहिजे. मला बोलावयाचे आहे ते शिवजयंतीच्या प्रश्नमंजूषेविषयी. गेली कित्येक वर्षे तीत एकदोन ठरलेलीच घरे जिंकतात, कारण त्या घरांत मराठी पुस्तके आहेत. बाकीची मुले टाळ्या वाजवितात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. ज्यांना मराठी वाचताना अडखळावे लागते ती मुले तर आईच्या आग्रहाखातर येऊन कोपऱ्यात बसतात. त्यांच्या मनात इतिहास ही मराठी नीट येणाऱ्यांची मालमत्ता ठरते.

आपल्या घरांची आज जी स्थिती आहे तिच्याकडे पाहा. आजोबा मराठी वाचतात, पण बसवरची कन्नड पाटी वाचता येत नाही. नातू कन्नड झरझर वाचतो, पण आजोबांनी मागविलेले मराठी मासिक त्याला बोट ठेवून वाचावे लागते. ही आपण उणीव समजतो. माझ्या दृष्टीने पाकिटे आधीच वाटलेली आहेत. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनांच्या दप्तरातून प्रसिद्ध केलेल्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त १७९१-९२ च्या स्वारीची पत्रे आहेत. ती मराठी आजोबांनी वाचावी. श्रीरंगपट्टणावरील कन्नड पुस्तके आणि तेथील पाट्या नातवंडांनी वाचाव्या. दोघांनी एकमेकांना सांगितल्यावाचून दोघांनाही पुरती हकीकत कळणार नाही.

म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने असे ठरले आहे की, यंदाच्या शिवजयंतीनंतरच्या रविवारी प्रश्नमंजूषेऐवजी श्रीरंगपट्टण आणि कन्नंबाडीची सहल न्यावयाची. शेजारपाजारच्या कन्नड कुटुंबांनाही बोलवावयाचे. चार पाकिटे मी तयार करून आणीन. संध्याकाळी धरणाच्या बागेत बसून प्रत्येक जोडीने आपला भाग बाकीच्यांना सांगावयाचा. बक्षीस नाही, भेळ आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी उद्या भोजनापूर्वी सचिवांकडे नावे द्यावी. नावे जोडीनेच घेतली जातील: एक मराठी वाचणारे आणि एक कन्नड वाचणारे. ज्यांच्या घरी यांपैकी एकच आहे, त्यांनी दुसरे शेजारून आणावे.